रंग, चव आणि वास

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मी एका मुलीला सगळ्यांसमोर दात घासण्यावरून बोलले होते. आज पाण्याबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात तिथूनच करावी लागणार.

मराठीचा तास होता. ती धडा वाचायला उभी राहिली. मुलगी हुशार, पण वाचताना ओढणीचं टोक तोंडावर धरायची, त्यामुळे आवाज दबायचा. मी म्हटलं, "ओढणी खाली घे आणि मोठ्यानं वाच." तिनं घेतली. समोरच्या दातांवर आडवे पट्टे होते, काही खडूसारखे पांढरे, काही तपकिरी. मी माझ्या मास्तरकीच्या सवयीनं बोलून गेले, की बेटा, रोज दात घासत जा, आपल्याकडे तर मिस्वाकला केवढं महत्त्व आहे.

ती खाली बघत म्हणाली, "दोन वेळा घासतो जी मॅडम." आमच्या चिमूरकडे मुलीही 'घासतो'च म्हणतात. वर्ग हसला. ती बसली, आणि ओढणी पुन्हा तोंडावर गेली.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढच्याच आठवड्यात मैदानात दुसऱ्या दोन मुलांशी बोलत होते. ही मराठी माध्यमाची मुलं. त्यांच्या दातांवरही तसेच आडवे पट्टे. कुठून येता विचारलं, तर त्याच मुलीच्या गावाहून, त्याच एसटीनं. घरं वेगळी, धर्म वेगळा, खाणं वेगळं, मंजन वेगळं. मग तिघांत सारखं काय? गाव एक, आणि गावात पाण्याची बोरिंग एक.

शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "फ्लोराईड असेल मॅडम. घासून जात नाही ते."

घासून जात नाही. म्हणजे मी जे बोलले होते, ते साफ चुकीचं होतं.

त्या संध्याकाळपासून मी वाचायला लागले. माझं बीएड भाषांचं, उर्दू आणि मराठी. खडक, खनिजं, भूजल यांच्याशी माझा संबंध दहावीच्या भूगोलापुरताच. पण जे समजलं ते इतकं साधं होतं, की आपल्याला ते कुणी आधी का सांगितलं नाही, असं वाटलं.

पाण्यात फ्लोराईड थोडं असेल तर ते दात किडू देत नाही. म्हणून तर टूथपेस्टमध्ये घालतात. पण जास्त झालं की तेच उलटतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. जागतिक आरोग्य संघटनेचीही मर्यादा १.५ हीच. लहानपणी हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असतात, साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत. त्या काळात जास्त फ्लोराईड पोटात गेलं, तर दातावरचं कवच सच्छिद्र बनतं. दात बाहेर आल्यावर त्यात डाग भरतो. तो दाताच्या आतला असतो, वरचा मळ नसतो. पुढं पाणी बदललं तरी आलेला दात बदलत नाही. हेच प्रमाण आणखी जास्त असेल आणि माणूस वर्षानुवर्षं तेच पीत राहिला, तर हाडं आणि सांधे ताठरतात. आपल्या देशात हा आजार पहिल्यांदा १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात ओळखला गेला. म्हणजे माझ्या वर्गातली ती गोष्ट घडली, तेव्हा डॉक्टरांना हे माहीत होऊन सत्तर-ऐंशी वर्षं झाली होती. फक्त माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

हे फ्लोराईड कुठल्या कारखान्यातून आलेलं नसतं. ते आपल्या पायाखालच्या खडकातच असतं. आपला चंद्रपूर जिल्हा म्हणजे खडकांचं प्रदर्शन. वर्धा नदीच्या बाजूला कोळसा पोटात घेऊन बसलेला गोंडवाना वाळूखडक, सिमेंटला लागणारा चुनखडक, पश्चिमेकडे लाव्हारसाचा काळा पाषाण, आणि अडीच अब्ज वर्षांहूनही जुने ग्रॅनाइट आणि नाइस. या ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांत फ्लोराइट, अपेटाइट, काळं अभ्रक अशी फ्लोराईड बाळगणारी खनिजं असतात. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, तिथं वर्षानुवर्षं साठून राहतं आणि खडकातलं थोडं थोडं आपल्यात विरघळवून घेतं. जितकं खोल, जितकं जुनं, तितकी ही देवाणघेवाण जास्त. भेगा सगळीकडे सारख्या नसतात, म्हणून शंभर पावलांवरच्या दोन बोरिंगचं पाणीही वेगळं निघू शकतं.

एका रविवारी मी त्या गावाला गेले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत आणि लोक नाव लक्षात ठेवतात.

मुलीच्या अम्मीनं चहा केला. मी पाण्याचा विषय काढला, तर ती म्हणाली, "बाजी, हमारे बोरिंग का पानी तो कांच जैसा है. मीठा भी है." गावात एक जुनी दगडी विहीरही आहे. तिचं पाणी का पीत नाही, म्हणून विचारलं. ती हसली. "कुएं के पानी में दाल गलतीच नहीं." शेजारची काकू दारात उभी होती. तिनंही मान डोलावली. "इहिरीचं पाणी जड हाये जी मॅडम. बोरिंगच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाले फेस बी येते."

मी घरी येऊन पुन्हा पुस्तकं उघडली, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. डाळ शिजत नाही ते पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर असतं. आणि पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर फ्लोराईडला फार वर चढता येत नाही. दोघं मिळून पुन्हा खनिज बनतात आणि तळाशी बसतात. उलट जे पाणी मऊ, कॅल्शियम कमी, सोड्याच्या गुणाचं, त्यात फ्लोराईड मोकळेपणानं विरघळत जातं. म्हणजे डाळ लवकर शिजवणारं, फेस आणणारं, गोड लागणारं पाणी हेच फ्लोराईडचं आवडतं घर. हा नियम प्रत्येक विहिरीला लागू पडेलच असं नाही. जड पाण्यातही दुसरे दोष असू शकतात. पण त्या गावच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं, चुलीवर पारखून जे पाणी निवडलं होतं, त्यात त्यांची पारखच त्यांना दगा देत होती.

लहानपणी मदरशात आम्हाला पाण्याच्या पाकीचा धडा होता. पाण्याचा रंग, मजा, बू, म्हणजे रंग, चव, वास. घाण पडून यातलं काही बदललं, तर ते पाणी वुजूला चालत नाही. मी हा धडा पाठ करून बक्षीस मिळवलं होतं. घरी अम्मीही हंड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन बघायची, हुंगायची आणि मगच माठात ओतायची. या तीन कसोट्या काही कमी नाहीत. मेलेलं जनावर, गटाराची गळती, कुजलेला पाला यांच्यापासून त्यांनी शेकडो वर्षं माणसाला वाचवलं आहे. पण फ्लोराईडला रंग नाही, चव नाही, वास नाही. तिन्ही परीक्षांत पहिल्या नंबरानं पास होऊन ते थेट मुलांच्या दातांत जाऊन बसतं. पाक असणं एक आणि पिण्यालायक असणं दुसरं, हे मला वयाच्या चाळिशीच्या आसपास कळलं.

बोरिंगला मात्र खलनायक करू नका. माझी नानी सांगायची, तिच्या लहानपणी लोकांच्या पायातून नारू निघायचा. दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. हा नारू पायऱ्यांच्या विहिरीतून, तळ्यातून, उघड्या पाण्यातून यायचा. पटकीची साथही तशीच. मग १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोरिंगची गाडी फिरली. जालना आणि सोलापूरकडच्या मिशनऱ्यांनी बनवलेल्या पंपांवरून पुढं युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' हातपंप तयार झाला, आणि तो देशभर गेला. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला नारूमुक्त जाहीर केलं. त्यात या हातपंपांचा मोठा वाटा आहे. हातपंपानं आपल्याला जंतूंपासून वाचवलं. फक्त खाली खडकात काय आहे, हे त्या घाईत सगळीकडे कुणी विचारलं नाही.

असंच आपल्या शेजारी, फार मोठ्या प्रमाणावर घडलं. बांगलादेशात लोक तळ्यांचं पाणी पिऊन जुलाबानं मरत होते, म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो नळकूप खोदले गेले. पाणी स्वच्छ, थंड, काचेसारखं. १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं तिथल्या दीडशेच्या आसपास नळकूपांचं पाणी तपासलं. अनेक घटक मोजले. आर्सेनिक मोजलं नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं उघड झालं. खरं तर सीमेच्या अलीकडे, पश्चिम बंगालमध्ये, कलकत्त्याच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना १९८३ मध्येच असे रुग्ण दिसले होते. नंतर त्याच ब्रिटिश संस्थेनं बांगलादेश सरकारबरोबर ३,५३४ विहिरींचं मोठं सर्वेक्षण केलं. उथळ नळकूपांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक त्या देशाच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. तिथल्या एका रहिवाशानं आधीच्या अहवालाबद्दल लंडनमध्ये खटला भरला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेलही. पण मला त्यातून एवढंच कळलं की पाणी आपणहून काही सांगत नाही. तुम्ही जेवढं विचाराल तेवढंच उत्तर ते देतं. आर्सेनिक विचारलं नाही, तर अहवालात आर्सेनिक नाही. म्हणून ते पाण्यात नाही असं होत नाही.

तर आम्ही विचारायचं ठरवलं. विज्ञानाच्या सरांनी नमुना घ्यायची रीत शिकवली. एक लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन. आधी पंप काही मिनिटं मारत राहायचा, म्हणजे पाइपात साठलेलं पाणी निघून जातं. मग त्याच पाण्यानं कॅन तीनदा विसळायचा आणि काठोकाठ भरायचा. वर गाव, जागा, तारीख लिहायची. तीनदा विसळायचं म्हटल्यावर माझी मुलं एकमेकांकडे बघून हसली. वुजूची सवय कामी आली. एक कॅन बोरिंगचा, एक विहिरीचा. सरपंच आणि जलसुरक्षक यांना बरोबर घेतलं, कारण मास्तरणीनं परस्पर केलेल्या तपासणीला गावात कोण विचारतो?

चिठ्ठी आली. बोरिंगमध्ये फ्लोराईड दीडच्या बरंच वर. विहिरीत एकाच्या खाली, पण विहिरीच्या पाण्यात जंतू.

मी मनातून खचले. एक स्रोत जंतूंचा, दुसरा फ्लोराईडचा. सर म्हणाले, "मॅडम, जंतू मारता येतात. फ्लोराईड मारता येत नाही." पाणी उकळलं तर फ्लोराईड जात नाही, पाणी आटल्यानं उलट दाट होतं. साध्या कँडलच्या फिल्टरनंही जात नाही. आरओनं जातं, पण त्याचा खर्च आणि वाया जाणारं पाणी कोण सोसणार? तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड खाली बसवायची 'नालगोंडा' पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनंच शोधली. सौरऊर्जेवर चालणारं फ्लोराईड काढायचं संयंत्रही त्यांनी आपल्याच जिल्ह्यात डोंगरगावला उभारलं होतं. पण असली यंत्रं रोज बघणारा माणूस लागतो. मात्रा चुकली, गाळ काढला नाही, की संपलं. ज्या गावात चांगली विहीर आहे, तिथं ती सांभाळणंच सोपं.

मग विहिरीवर जाळी बसली, काठावरचं धुणं बंद झालं आणि तिच्यात टीसीएल पावडर पडायला लागली. आणि तक्रार सुरू झाली. पाण्याला वास येतो! आतापर्यंत जे पाणी धोक्याचं होतं त्याला वास नव्हता, आणि आता जे बरं होतं त्याला दवाखान्याचा वास यायला लागला. मशिदीत एका म्हाताऱ्या चाचांनी विचारलं, की बू बदलली, आता वुजू होईल का? इमामसाहेबांनी शांतपणे समजावलं, की ही नापाकी नाही, पाणी राखायची दवा आहे. आणि पुढं त्यांनी जे सांगितलं ते माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त कामी आलं. बोरिंगच्या पाण्यानं वुजू करा, कपडे धुवा, ते पाकच आहे. पण ज्यानं लेकरांना इजा होते हे कळलं आहे, ते त्यांना पाजणं आपल्याला शोभत नाही. त्याच आठवड्यात देवळासमोरच्या बैठकीत सरपंचांनी तीच गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगितली. बोरिंगच्या दांड्याला लाल रंग लागला.

डाळीचा प्रश्न उरला. डाळ बोरिंगच्या पाण्यातच शिजवली, तर फ्लोराईड डाळीबरोबर ताटात येतंच. हे बायांना पटवायला वेळ लागला. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. डाळ रात्रीच भिजत घालायची. काकू मला म्हणाली, "एवढंच होतं त सांगाचं होतं ना जी आधी."

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. एवढंच होतं. सांगायचं होतं.

हे सांगणारी माणसं आणि कागद अस्तित्वात आहेत. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिच्या निरीक्षण विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा मोजलं जातं. केंद्रीय भूजल मंडळ जिल्ह्याजिल्ह्याचे अहवाल काढतं. कुठल्या खडकात किती पाणी, कुठल्या तालुक्यात कोणता दोष, सगळं लिहिलेलं असतं. पण ते बहुतेक इंग्रजीत, आणि जे मराठीत येतं तेही अशा मराठीत, की दोनदा वाचूनही कळू नये. उर्दूची तर बातच सोडा. संशोधन करणारे आपलं काम करतात. त्यांच्या कागदापासून चुलीपर्यंत जो रस्ता आहे, तो मात्र कुणाच्याच नोकरीत लिहिलेला नाही. मला वाटतं, तो आम्हा भाषा शिकवणाऱ्यांचा आहे. 'फ्लोराईड १.५ पेक्षा जास्त' याचा अर्थ 'या पाण्यात डाळ लवकर शिजते, पण लेकराचे दात जातात' असा करून सांगणं, याला भूवैज्ञानिक लागत नाही. मास्तर लागतो.

आता मी निबंधाच्या तासाला दरवर्षी एक काम देते. आपल्या घरचं पाणी कुठून येतं, किती खोलवरून येतं, आणि त्याचा शेवटचा अहवाल काय सांगतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं येतात. तिसऱ्याचं फार कमी येतं. तुम्हीही हे करून बघा. जलजीवन मिशनच्या नियमाप्रमाणे पिण्याच्या प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा व्हायला हवी. ग्रामपंचायतीत जाऊन अहवाल मागा. नुसतं 'पाणी योग्य आहे' हे ऐकून परत येऊ नका. काय काय तपासलं, ते विचारा. विशेषतः ज्या घरात आठ वर्षांखालची मुलं आहेत, त्यांनी आजच विचारा.

त्या मुलीची मी माफी मागितली. एकटीला बोलावून नाही, वर्गातच, कारण बोलले होते तेही वर्गातच. सांगितलं की चूक तिच्या घासण्यात नव्हती, माझ्या माहितीत होती. ती लाजून म्हणाली, "काही नाही जी मॅडम."

ती आता कॉलेजात आहे. मागच्या ईदला भेटायला आली होती. शीरखुर्मा खाताना कशावरून तरी जोरात हसली, आणि हात आपोआप तोंडावर गेला. तिचा धाकटा भाऊ बरोबर होता, दुसरीतला. विहिरीचं पाणी सुरू झाल्यानंतर जन्मलेला. त्याचे समोरचे दुधाचे दात पडलेत, पक्के अजून यायचे आहेत. त्याला मी सांगितलं आहे, दात आले की मला दाखवायला ये.